मृत्युपत्राची भाषा आणि वकिलाच्या कारकुनाचे प्रशिक्षण : भिलाईतील मराठी कुटुंबांच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

मृत्युपत्र हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि ज्या लिखिताचा कर्ता त्याच्या वाचनाच्या वेळी हयात नसतो, ज्याचा आशय त्याला पुन्हा विचारून घेता येत नाही आणि ज्यातील एखाद्या नामावर किंवा विभक्तिप्रत्ययावर एखाद्याचे घर राहते वा जाते, त्या लिखिताइतका अर्थनिर्णयाचा निकडीचा प्रश्न क्वचितच अन्यत्र उद्भवतो. कविता चुकीची वाचली गेली तर कवीचे नुकसान होते. मृत्युपत्र चुकीचे वाचले गेले तर विधवेचे, मुलीचे किंवा नातवाचे होते.

मृत्युपत्राचा मसुदा वकिलाच्या नावाने होत असला, तरी त्याचा पहिला कागद बहुधा वकिलाचा कारकून लिहितो. विदर्भात अर्जनवीस किंवा दस्तलेखक, छत्तीसगढमध्ये मुन्शी किंवा दस्तावेज लेखक, अशी त्याची नावे आहेत. म्हातारा माणूस आपली इच्छा प्रथम बोलून दाखवितो ती त्याच्याकडे, आणि ती शब्दबद्ध होते ती त्याच्या हातून. हा कारकून बहुतेक वेळा कोणत्याही शाळेत शिकलेला नसतो. जुन्या कारकुनाशेजारी बसून, जुने नमुने उतरवून तो तयार होतो. त्याला कलमे शिकविण्याची गरज आहेच. परंतु त्याचे प्रशिक्षण मूलतः भाषेचे प्रशिक्षण असावयास हवे, आणि दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या समाजात ही गरज अधिक तीव्र होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी भिलाई येथील मराठी कुटुंबांचा संदर्भ घेतला आहे.

२. भिलाईची पार्श्वभूमी

छत्तीसगढ आणि मराठी यांचा संबंध नवा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे मध्यप्रांताच्या काळातही दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच राहिली. १९३६ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे उच्च न्यायालय हेच १९५६ पर्यंत दुर्गच्या न्यायालयांचे वरिष्ठ न्यायालय होते. राज्यपुनर्रचनेनंतर ते स्थान जबलपूरकडे आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाल्यावर बिलासपूरकडे गेले. अशा रीतीने एकाच जिल्ह्याच्या न्यायव्यवहाराने अर्धशतकात तीन राजधान्या पाहिल्या, आणि प्रत्येक टप्प्यावर मराठी त्या व्यवहारातून अधिकाधिक दूर गेली.

नेमक्या याच काळात मराठी माणूस मात्र भिलाईत येत होता. सोव्हिएत सहकार्याने उभारावयाच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मुंबई-हावडा लोहमार्गावरील या गावी विदर्भातून अनेक कुटुंबे नोकरीसाठी आली आणि सेक्टरांतील क्वार्टरांतून स्थिरावली. त्या पहिल्या पिढीतील हयात माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची घरातील भाषा वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, बाजाराची भाषा हिंदी वा छत्तीसगढी, आणि न्यायालयाची भाषा हिंदी किंवा इंग्रजी. त्यांची मुले हिंदी वा इंग्रजी माध्यमातून शिकली. नातवंडांपैकी अनेकांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही.

मालमत्तेचेही असेच दोन तुकडे आहेत. गावाकडे वडिलार्जित शेताचा हिस्सा, त्याचा पुरावा सातबारा, त्याची नोंद तलाठ्याकडे. भिलाई-दुर्ग परिसरात स्वकष्टाचा भूखंड वा घर, त्याचा पुरावा खसरा आणि बी-१, त्याची नोंद पटवाऱ्याकडे. एकाच मृत्युपत्राला या दोन्ही दप्तरांत वाचले जावयाचे असते.

३. सारख्या शब्दांचे निराळे अर्थ

मराठी आणि हिंदी यांची लिपी एक आणि शब्दसंपत्ती बव्हंशी सामाईक असल्यामुळे एकीतून दुसरीत जाणे सोपे आहे, असे कारकुनास वाटते. वस्तुतः धोका या सोपेपणातच आहे. अपरिचित शब्दापाशी माणूस थांबतो; परिचित शब्दावरून तो पुढे निघून जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मृत्युपत्रकर्ता म्हणतो, ‘भिलाईचे घर माझ्या नातवांना सारखे द्यावे.’ मराठीत मुलाचा मुलगा नातू आणि मुलीचा मुलगाही नातूच. मानक हिंदीत मुलाचा मुलगा पोता आणि मुलीचा मुलगा सामान्यतः नाती. कारकुनाने ‘पोतों को’ असे लिहिले तर मुलीची मुले वगळली जातात. शब्दसाम्यावर विसंबून ‘नातियों को’ असे लिहिले तर मुलाची मुले वगळली गेल्याचा युक्तिवाद शक्य होतो. छत्तीसगढीत तर ‘नाती’ हा शब्द मुलाच्या मुलालाही लावला जातो. म्हणजे दुर्गच्या न्यायालयात तोच शब्द तीन प्रकारे ऐकला जाऊ शकतो. शिवाय मूळ मराठी ‘नातवांना’ या रूपातही नातींचा, म्हणजे मुलांच्या वा मुलींच्या मुलींचा, समावेश आहे की नाही, हे निश्चित होत नाही. मृत्युपत्रकर्त्याच्या मनात कदाचित सगळीच नातवंडे असतील. कागदावर मात्र कोणाचा तरी दरवाजा बंद झालेला असेल.

‘मुलांना समान वाटा’ ही शब्दयोजना याहूनही अधिक प्रचलित आणि अधिक घातक आहे. व्यवहारातील मराठीत ‘मुले’ म्हणजे अपत्ये आणि ‘मुले’ म्हणजे मुलगेही. हिंदीत भाषांतर करताना ‘पुत्रों को’ किंवा ‘संतानों को’ यांपैकी एकाची निवड करावीच लागते, आणि ती निवड कारकून आपल्या संस्कारानुसार करून टाकतो. मुलीचा हक्क राहणार की जाणार, हे अशा वेळी मृत्युपत्रकर्ता ठरवीत नाही, भाषांतर ठरविते.

अन्य काही शब्दांचा केवळ निर्देश पुरेसा आहे. ‘दादा’ मराठीत थोरला भाऊ, हिंदीत आजोबा; म्हणून ‘दादांच्या नावचे शेत’ हे वडिलार्जित की भावाचे, हा प्रश्न उपस्थित होतो. ‘राजीनामा’ मराठीत नोकरीचा त्याग, तर हिंदी न्यायालयीन व्यवहारात पक्षकारांमधील तडजोड. ‘फेरफार’ महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात हक्कबदलाची रीतसर नोंद. हिंदीत तोच शब्द अदलाबदल, प्रसंगी लबाडीही सुचवितो, आणि छत्तीसगढमध्ये त्या नोंदीला नामांतरण म्हणतात. ‘वहिवाट’ या शब्दातील ताबा, वापर आणि परंपरा यांचे मिश्रण एका हिंदी शब्दात मावत नाही.

‘मृत्युपत्र’ या नावाचाही येथे विचार करावा लागतो. हिंदीत ‘वसीयत’ हा शब्द रूढ आहे. मराठीत मृत्यूचा उच्चार टाळण्यासाठी अलीकडे ‘इच्छापत्र’ हा शब्द अधिक पसंत केला जातो. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर अखेरच्या आजारातील उपचारांविषयीच्या पूर्वलिखित सूचनेलाही इच्छापत्रच म्हटले जाऊ लागले आहे. एक कागद मृत्यूनंतर अमलात येतो, दुसरा मृत्यूपूर्वी. शीर्षकातच हा भेद स्पष्ट करणे इष्ट.

४. कायद्याची भाषेविषयीची भूमिका

१९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम भाषेच्या बाबतीत उदार आहे. मृत्युपत्रात पारिभाषिक शब्द असण्याची आवश्यकता नाही. कर्त्याचा हेतू कळेल अशी शब्दरचना पुरेशी आहे, असे कलम ७४ सांगते. कोणत्याही खंडाचा अर्थ संपूर्ण लेख वाचून लावावा, हे कलम ८२ चे सूत्र आहे. दोन खंड परस्परविरुद्ध असतील तर नंतरचा प्रभावी ठरतो (कलम ८८), आणि हेतू निश्चितच होत नसेल तर ती तरतूद अनिश्चिततेमुळे निरर्थक ठरते (कलम ८९). ही सूत्रे साहित्याच्या विद्यार्थ्यास अपरिचित वाटू नयेत. मात्र ‘नंतरचा खंड प्रभावी’ हा नियम कारकुनास धडकी भरविणारा आहे, कारण जुन्या नमुन्यातून शेवटी सवयीने उतरविलेली एखादी ओळ वरच्या विचारपूर्वक केलेल्या व्यवस्थेवर पाणी फिरवू शकते.

भिलाईच्या संदर्भात दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १९ नुसार, नोंदणी अधिकाऱ्यास न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सामान्यतः प्रचलित नसलेल्या भाषेतील दस्त नोंदणीस आला, तर त्यासोबत जिल्ह्यात प्रचलित भाषेतील खरे भाषांतर आणि दस्ताची खरी प्रत असल्याशिवाय तो स्वीकारला जात नाही. तसेच उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २७७ नुसार, मृत्युपत्र न्यायालयात चालणाऱ्या भाषेहून अन्य भाषेत असल्यास अर्जास भाषांतर जोडावे लागते. अनुवादक नेमलेला नसेल तर ते भाषांतर कोणतीही सक्षम व्यक्ती करू शकते; पण मूळ भाषा आणि लिपी आपण वाचली असून ती पूर्णपणे समजते व भाषांतर खरे आणि अचूक आहे, असे तिला प्रतिज्ञापूर्वक सांगावे लागते. म्हणजे मराठीत मृत्युपत्र करण्यास कायद्याचा अडसर नाही. ज्याला मराठी खरोखरच येते अशा माणसाची मात्र त्याला गरज आहे.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि त्यास मुद्रांकशुल्क लागत नाही, हे कारकुनास ठाऊक असते. मूळ कोणते आणि भाषांतर कोणते, हे स्पष्ट लिहिण्याचे महत्त्व मात्र त्याला क्वचितच ठाऊक असते. गावच्या शेतासाठी मराठीत एक आणि भिलाईच्या घरासाठी हिंदीत दुसरे, अशी दोन मृत्युपत्रे काही दिवसांच्या अंतराने केली आणि दोन्हींत ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ ही ठरावीक ओळ राहिली, तर दुसरे मृत्युपत्र पहिल्याचा घात करते. मूळ लेख एकच असावा, दुसरा त्याचे भाषांतर असावा आणि मतभेद झाल्यास कोणता प्रमाण मानावा, ते मूळ लेखातच नमूद करावे.

५. ‘उपभोग’ आणि ‘मालकी’

पत्नीविषयीचा खंड हा मराठी मृत्युपत्राचा सर्वांत हळवा आणि सर्वांत धोक्याचा भाग होय. ‘तिने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, पश्चात मुलांनी वाटून घ्यावे’ असे वाक्य सहज लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा एवढेच असते, की तिला कोणी घराबाहेर काढू नये. परंतु हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ च्या दृष्टीने या वाक्यात मोठा प्रश्न दडलेला आहे. पोटकलम (१) नुसार हिंदू स्त्रीच्या कब्जातील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची होते. पोटकलम (२) नुसार मृत्युपत्राने मर्यादित हक्कच दिला असेल तर तो मर्यादितच राहतो. मात्र तो हक्क तिच्या पूर्वीच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेला असेल, तर पोटकलम (१) लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने तुलसम्मा प्रकरणात १९७७ मध्ये म्हटले. या प्रश्नावरील निर्णयांची दिशा पुढे एकसारखी राहिली नाही आणि २०२४ मध्ये तो मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

कारकुनाने हा वाद सोडवावयाचा नाही. त्याने मृत्युपत्रकर्त्याला साध्या भाषेत विचारावयाचे आहे : ‘बाईंना हे घर विकता यावे का? दुसऱ्या कोणाला देता यावे का? की फक्त राहता यावे? उत्पन्नाचे दुसरे साधन त्यांना आहे का?’ मिळालेले उत्तर जसेच्या तसे टिपून वकिलापुढे ठेवावयाचे. ‘उपभोग’ हा शब्द लिहिण्यापूर्वी विचारलेले हे चार प्रश्न एखाद्या वृद्धेला पुढील वीस वर्षांच्या कज्ज्यातून वाचवू शकतात.

येथेच कायद्याच्या लागू होण्याचीही नोंद घ्यावी. विदर्भातून आलेल्या अनेक कुटुंबांचा धर्म बौद्ध आहे; १९५६ चा अधिनियम बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र केंद्र सरकारने अधिसूचनेने वेगळे ठरविल्याशिवाय तो लागू नाही. छत्तीसगढमध्ये काम करणाऱ्याने हा भेद नजरेआड करू नये.

६. स्वाक्षरी, साक्षीदार आणि लेखक

‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता’ ही मराठी दस्तांची परिचित भाषा आहे. तिने कागदाला भारदस्तपणा येतो, पुरावा निर्माण होत नाही. संशयास्पद परिस्थिती असेल तर तिचे निरसन करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे वेंकटाचल अय्यंगार प्रकरणातील १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निर्णयापासून प्रस्थापित आहे. लाभार्थीने मसुद्यात पुढाकार घेणे, कर्त्याला न समजणाऱ्या भाषेत दस्त होणे, यांसारख्या गोष्टी संशयास जागा देतात. म्हणून दस्त हिंदीत असल्यास ‘वाचून दाखविला व समजला’ एवढा शेरा पुरेसा नाही. तो मराठीतून समजावून सांगितला, कोणी सांगितला आणि कोणासमक्ष सांगितला, हे लिहावयास हवे.

कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने कर्त्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेले असावे अथवा त्याने सहीची कबुली दिलेली असावी, आणि प्रत्येकाने कर्त्यासमक्ष सही करावी. दोघांनी एकाच वेळी हजर असणे अनिवार्य नाही. मृत्युपत्र नोंदलेले असले तरी साक्षीदार हयात व उपलब्ध असल्यास किमान एकाची साक्ष काढावी लागते. पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम ६८ मध्ये असलेला हा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. भिलाईत साक्षीदार म्हणून शेजारचा सहकारी घेतला जातो. तोही त्याच वयाचा असतो आणि निवृत्तीनंतर आपल्या मुलुखात परततो. कर्त्याहून वयाने लहान, लाभार्थी नसलेले आणि पत्ता सापडेल असे साक्षीदार निवडावेत, ही साधी सूचना प्रशिक्षणात अग्रभागी असावी.

कारकुनाच्या स्वतःच्या सहीचाही प्रश्न आहे. ‘लेखक’ म्हणून केलेली सही आपोआप साक्षीदाराची सही होत नाही; साक्षांकनाच्या उद्देशाने केलेली सहीच साक्षांकन ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्पष्ट केले आहे. दोन साक्षीदारांपैकी एक आला नाही म्हणून ‘माझी सही आहेच’ असे मानणे हे अज्ञान महागात पडते.

७. मृत्यूनंतरचे काम

मालमत्तेची व्यवस्था हा मृत्युपत्राचा उत्तरार्ध होय. महाराष्ट्राच्या इतिहासातील त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युपत्रान्वये व्यवस्था पाहणाऱ्यांत लोकमान्य टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते. पुढे दत्तकाच्या प्रश्नावरून वाद पेटला. १९०२ मध्ये प्रोबेट रद्द झाले, १९०३ मध्ये टिळकांना खोट्या साक्षीच्या आरोपावरून शिक्षा झाली, १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि १९०१ च्या औरंगाबाद येथील दत्तकविधानावर प्रिव्ही कौन्सिलने शिक्कामोर्तब केले ते १९१५ मध्ये. ज्यांनी स्वतः पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला होता, अशा विद्वानाच्या वाट्याला मित्राला दिलेल्या शब्दापोटी ही अठरा वर्षे आली. व्यवस्थापकाने प्रत्येक कृतीचा कागद का ठेवावा, हे शिकविण्यास याहून प्रभावी पाठ नाही.

व्यवस्थापकाच्या कामाचा क्रम अधिनियमानेच घालून दिला आहे : अंत्यविधीचा व अखेरच्या आजारातील खर्च, नंतर प्रोबेट वा प्रशासनाचा खर्च, नंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील नोकरमाणसांचे वेतन, नंतर इतर देणी, आणि त्यानंतरच मृत्युपत्राने दिलेल्या देणग्या. न्यायालयाकडून अधिकार मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब सादर करावयाचा असतो. हिंदू मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती मुंबई, कोलकाता आणि चेन्नई यांच्याशी निगडित विशिष्ट क्षेत्रांपुरती होती. २०२५ मध्ये संसदेने ते कलम २१३ च गाळले. दुर्गमध्ये ती सक्ती कधी नव्हती. मात्र वाद असल्यास मृत्युपत्र सिद्ध करण्यावाचून गत्यंतर नसते.

भिलाईतील कुटुंबांत दोन गैरसमज वारंवार घडण्यासारखे आहेत. पहिला क्वार्टरचा. नोकरीच्या निमित्ताने मिळालेले कंपनीचे घर ही मृत्युपत्राने देण्याची वस्तू नव्हे. दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळालेल्या घराच्या बाबतीतही पट्ट्याच्या अटी आधी वाचावयास हव्यात. दुसरा गैरसमज नामनिर्देशनाचा. बँकेत किंवा भागभांडवलात ज्याचे नाव लावले तोच मालक, असे मानले जाते. विम्याच्या बाबतीत सरबती देवी प्रकरणाने हा समज १९८० च्या दशकातच दूर केला होता. विमा कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जवळच्या नात्यांसाठी वेगळी तरतूद केली. भाग आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्राच्या संदर्भात उद्भवलेल्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही, असा निर्वाळा दिला. म्हणून मालमत्तेची यादी करताना प्रत्येक बाबीपुढे मालक कोण आणि नामनिर्देशित कोण, असे दोन स्वतंत्र रकाने असावेत.

८. प्रशिक्षणाची रूपरेषा

वरील विवेचनातून प्रशिक्षणाचे पाच टप्पे सुचविता येतात. पहिला श्रवणाचा : मृत्युपत्रकर्त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, शक्यतो कुटुंबीय बाजूला ठेवून, टिपून घेणे. दुसरा वंशवेलीचा : नात्याचा शब्द लिहिण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीचे पूर्ण नाव आणि ‘कोणाचा कोण’ हे आकृतीत मांडणे, नावे आली की ‘नातू’ आणि ‘मुले’ यांची संदिग्धता आपोआप ओसरते. तिसरा यादीचा : मालकीची, पट्ट्याची आणि नामनिर्देशनाची मालमत्ता वेगळी करणे. चौथा उलट भाषांतराचा : मराठीचे हिंदी एकाने करावे, मूळ न पाहता त्या हिंदीचे मराठी दुसऱ्याने करावे, आणि जेथे दोन मराठी पाठ जुळत नाहीत तेथे थांबावे. पाचवा मर्यादेचा : सल्ला वकिलाने द्यावयाचा, कारकुनाने नव्हे, आणि ऐकलेली गोष्ट बाहेर बोलावयाची नाही.

या पाचांपैकी दुसरा आणि चौथा टप्पा भाषेच्या शिक्षकाच्या सहभागाशिवाय नीट शिकविता येणार नाही. विद्यापीठांतील मराठी विभागांनी बृहन्महाराष्ट्रातील आपले कार्य कविसंमेलने आणि व्याख्यानमाला यांपुरते मर्यादित न ठेवता अशा व्यवहारभाषेच्या शिक्षणाकडे वळविले, तर ते अधिक उपकारक ठरेल.

९. समारोप

परप्रांतात एखादी भाषा किती काळ जिवंत राहते, याचे मोजमाप आपण बहुधा शाळा, नाट्यप्रयोग आणि मंडळांचे गणेशोत्सव यांवरून करतो. माणूस आपली अखेरची इच्छा कोणत्या भाषेत सांगू शकतो आणि ती त्याच अर्थाने वाचली जाते की नाही, ही त्याहून कठोर कसोटी आहे. भिलाईच्या भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या वृद्धाने ‘नातवांना सारखे द्या’ असे म्हटल्यावर त्याच्या मुलीची मुले त्यातून गळू नयेत, एवढी हमी त्याला मिळावयास हवी. ती हमी कायद्याच्या कलमांत आहे, परंतु ती प्रत्यक्षात उतरते ती कागद पुढे ओढून ‘आजोबा, नातू म्हणजे कोण कोण?’ असे विचारणाऱ्या कारकुनामुळे. त्याला तो प्रश्न विचारण्यास शिकविणे, हेच या प्रशिक्षणाचे सार होय.